साखर आत जाईना

“मॅडम, ओआरएस थांबवूया. त्यानेच जुलाब वाढताहेत.”

सिस्टर ग्रेसी असं म्हणाली आणि मला तिचा राग आला. मी भोपाळच्या एका हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डाची डायटिशियन आहे. बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी किती आयांना ओआरएस कालवायला शिकवलं याची मोजदाद नाही. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं, की मीठ-साखरेचं हे पाणी द्यायचं आणि मूल तरतरीत होताना बघायचं. ओआरएसने जुलाब वाढले, हे मी कधी ऐकलं नव्हतं.

“पावडर जास्त पडली असेल,” मी म्हणाले.

“एक पाकीट, एक लिटर पाणी. मोजून. दोनदा.” सिस्टर ग्रेसी आमच्याकडे माझ्याहूनही आधीपासून आहे. ती मोजण्यात चुकत नाही, हे मला माहीत होतं. म्हणूनच जास्त राग आला.

बाळाचं नाव सई. वय चोवीस दिवस. जन्मली तेव्हा दोन किलो आठशे ग्रॅम होती, आमच्याकडे आली तेव्हा दोन किलो दोनशे. टाळू आत गेलेली, ओठ कोरडे, पण भूक जबरदस्त. आईला बघितलं की लुटूलुटू मान हलवायची. आईवडील पल्लवी आणि निखिल मुजुमदार, राहायला मिसरोदला. निखिल मंडीदीपच्या एका औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये. सोबत निखिलचे वडील, नाना. उज्जैनच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. वॉर्डात मराठी बोलणारं कुणी भेटलं म्हणून तिघांनाही माझा आधार वाटायचा. बाकी सगळे हिंदीत बोलतात. मी ते इथे बहुतेक मराठीतच सांगते.

आता हे तीन आठवडे घरी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण साधं होतं. पल्लवी सांगायची, “ताई, लंगोट तर सारखा ओला असतो. सगळे म्हणाले, लघवी चांगली होते आहे, म्हणजे दूध पुरतंय.” पहिल्या दिवशी आम्हीही तेच म्हणालो. मग सिस्टर ग्रेसीने लघवी वेगळी जमा करायची छोटी पिशवी बाळाला चिकटवली. दोन तासांनी पिशवीत चमचाभर लघवी आणि लंगोट मागच्या बाजूने चिंब. ती लघवी नव्हतीच. शी इतकी पातळ होती, की तिला रंगसुद्धा राहिला नव्हता.

आमचे डॉक्टर चतुर्वेदी, म्हणजे माझे बॉस, यांनी इन्फेक्शन शोधलं. सगळे रिपोर्ट स्वच्छ आले. मग बाळाचं तोंडाने सगळं बंद करून फक्त सलाईन ठेवलं. दुसऱ्या दिवशी जुलाब बंद. नळ बंद करावा तसे. सगळ्यांना हायसं वाटलं. आईचं दूध पुन्हा सुरू केलं, तीन तासांत लंगोट चिंब.

“दुधातली साखर पचत नसणार,” मी म्हणाले. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. काही बाळांना ती पचत नाही. त्यांच्यासाठी बिनलॅक्टोजची पावडर मिळते. मी तो डबा मागवला, अगदी ठामपणे. पल्लवीला म्हणाले, “उद्यापर्यंत बघ, कशी छान होते.”

उद्यापर्यंत आणखी नव्वद ग्रॅम वजन उतरलं.

मग ती पावडर थांबवली आणि गेलेलं पाणी भरून यावं म्हणून मीच ओआरएस सुचवलं. आणि आता सिस्टर ग्रेसी माझ्यासमोर उभी राहून सांगत होती, की तेही उलटलं.

मी पल्लवीला सांगायला बाहेर गेले. ती बाकावर बसली होती. तिने एकच प्रश्न विचारला. “ताई, माझं दूध खराब आहे का?”

मी “नाही गं” म्हणाले. पण पुढे काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं.

नाना शेजारीच होते. गणिताच्या मास्तरांचा आवाज मऊ असला तरी फळ्यासमोर उभं केल्यासारखं वाटतं. ते म्हणाले, “मॅडम, मला वैद्यकातलं काही कळत नाही. पण तुम्ही तीन गोष्टी दिल्यात. आईचं दूध, डब्याचं दूध, ओआरएस. तिन्हीने बिघडलं. सलाईनने बिघडलं नाही. मग त्या तिन्हींमध्ये समान काय आहे?”

“काहीच नाही हो, नाना. तिन्ही वेगवेगळी आहेत.”

“असं कसं? उत्तर एकच येतंय म्हणजे काहीतरी समान असणारच.”

मी आत आले आणि तो डबा हातात घेतला. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘लॅक्टोज-फ्री’ लिहिलं होतं. मागे बारीक अक्षरात घटक होते. लॅक्टोज नव्हतं, पण त्याऐवजी माल्टोडेक्स्ट्रिन होतं. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे ग्लुकोजची साखळी. पोटात गेली की सुटते आणि ग्लुकोज होते. ओआरएसमध्ये तर उघडउघड ग्लुकोज. आणि आईच्या दुधातलं लॅक्टोज फुटलं की त्याचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज.

समान होतं ते ग्लुकोज.

मी खुर्चीत बसले. कॉलेजात शिकलेलं काहीतरी डोक्यात वळवळायला लागलं.

ते इथे सोपं करून सांगते. आपल्या आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा थर असतो. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो आणि तो तेलकट असतो. साखर पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणजे आपण खाल्लेली साखर त्या पडद्यापाशी येऊन अडते. तिला आत घ्यायला पडद्यात प्रथिनं बसवलेली असतात. डाळीत-अंड्यात असतात तशीच प्रथिनं, पण ही खास घडणीची. प्रत्येकाचं काम ठरलेलं. त्यातलं एक प्रथिन ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज आत घेतं, आणि त्याची अट अशी, की मिठातलं सोडियम बरोबर हवं. दोघं एकदम आले की ते आपला आकार बदलतं, बाहेरच्या बाजूने मिटतं, आतल्या बाजूने उघडतं आणि दोघांना आत सोडतं. त्यांच्यामागोमाग पाणी आत जातं. ओआरएसमध्ये मीठ आणि साखर दोन्ही का असतात, त्याचं कारण एवढंच.

आता हे प्रथिनच जन्मतः बिघडलेलं असेल तर? ग्लुकोज आतड्यातच पडून राहणार. आणि पडून राहिलेली साखर पाणी आपल्याकडे ओढते. जितकं पाजाल तितकं वाहून जाणार. ओआरएस दिलं तर त्यातलं पाणी जाईल आणि वर अंगातलंही.

मी डॉक्टर चतुर्वेदींच्या खोलीत गेले. ते चहा पीत होते.

“सर, ग्लुकोज आत घेणारं प्रथिनच नसेल तर?”

त्यांनी कप खाली ठेवला. “वानखेडे जी, ये मैंने किताब में पढ़ा है. देखा नहीं है.”

“मीही नाही.”

“लघवीत साखर बघितली का?”

बघितली नव्हती. मुद्दा असा, की तेच प्रथिन थोडं मूत्रपिंडातही काम करतं. ते बिघडलं असेल तर रक्तातली साखर ठीक असूनही लघवीत थोडी उतरते. आम्ही लघवी तपासली. थोडी साखर सापडली. शी तपासली, तिच्यात भरपूर. रक्तात अगदी नॉर्मल.

डॉक्टर चतुर्वेदींच्या चेहऱ्यावर मी तो आनंद पहिल्यांदाच पाहिला. आजार सापडल्यावर आनंद होणं बरं दिसत नाही, म्हणून ते लगेच गंभीर झाले. “पक्कं करायला जेनेटिक टेस्ट पाठवू. रिपोर्टला आठवडे लागतील. तोपर्यंत बाळाला देणार काय?”

“फ्रुक्टोज,” मी म्हणाले. फळांत असते ती साखर. तिला आत घेणारं प्रथिन वेगळं असतं, आणि ते सईकडे शाबूत असायला हवं होतं.

फ्रुक्टोज शोधायला निखिल निघाला. दुकानांत ‘फळांची साखर’ म्हणून बरंच काही मिळतं, पण आत ग्लुकोजची भेसळ असली तर आमचा सगळा खेळ बिघडणार. निखिलने आपल्या ओळखीच्या पुरवठादाराकडून खाण्यायोग्य फ्रुक्टोजचं सीलबंद पाकीट आणलं आणि सोबत त्या मालाचा तपासणी रिपोर्ट. रिपोर्टवर त्याने एका ओळीखाली पेनाने तीन रेघा मारल्या होत्या. ग्लुकोज: आढळले नाही.

“रोज दुसऱ्यांच्या औषधांचे असले कागद बघतो, ताई,” तो म्हणाला. “आज पहिल्यांदा एकच ओळ तीनदा वाचली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता सईला पातळ फ्रुक्टोजचं पाणी दिलं. पल्लवीने घरून आणलेल्या चांदीच्या बोंडल्याने. रक्तातली साखर तासातासाला बघायची होती आणि लंगोटाकडे लक्ष ठेवायचं होतं. अकरा वाजले. लंगोट कोरडा. बारा वाजले. सिस्टर ग्रेसीने हात लावून बघितला, अजून कोरडा. एक वाजता लंगोट ओला झाला आणि पल्लवीने डोळे मिटून घेतले. सिस्टरने उघडून बघितलं.

“लघवी,” ती म्हणाली. “पिवळी. खरीखुरी लघवी.”

मी इतक्या वर्षांत लघवीसाठी टाळ्या पहिल्यांदाच ऐकल्या. शेजारच्या बेडांजवळच्या आज्यांनीही वाजवल्या. त्यांना कारण माहीत नव्हतं, पण कुणाचं तरी चांगलं झालंय एवढं त्यांना दिसत होतं. चार वाजेपर्यंत एकही जुलाब झाला नाही. मी सिस्टर ग्रेसीजवळ जाऊन म्हणाले, “कालचं माझं बोलणं चुकलं.” ती म्हणाली, “हो,” आणि पुढच्या बेडकडे गेली.

पण नुसत्या साखरेवर बाळ वाढत नाही. प्रथिन हवं, चरबी हवी. या आजाराच्या बाळांसाठी खास पावडर असते, पण ती परदेशातून मागवावी लागते. कंपनीशी बोलले, तर यायला तीन-चार आठवडे. तोपर्यंतची सोय आमच्या विषयात ठरलेली आहे. कोंबडीचं मांस शिजवून, गंधासारखं बारीक वाटून, गाळून, त्यात तेल, फ्रुक्टोज, क्षार आणि जीवनसत्त्वं मोजून घालायची. मांसात ग्लुकोज जवळजवळ नसतं.

अडचण दोन ठिकाणी होती. पहिली मॅनेजरसाहेबांची.

“मॅडम, हॉस्पिटल के किचन में नॉनवेज अलाउड नहीं है.”

“हे जेवण नाही, सर. औषध आहे.”

“औषध असेल तर प्रिस्क्रिप्शन दाखवा.”

मी डॉक्टर चतुर्वेदींकडे गेले. ते स्वतः लसूणही न खाणारे. त्यांनी शांतपणे पॅड ओढलं आणि लिहिलं: कोंबडी, बिनहाडाची, उकडून, दिवसातून आठ वेळा. खाली सही केली, शिक्का मारला. मॅनेजरनी कागद दोनदा वाचला आणि बाळांचं दूध तयार करायच्या खोलीतला एक कोपरा, एक शेगडी आणि एक नवा मिक्सर माझ्या ताब्यात दिला.

दुसरी अडचण मुजुमदारांच्या घरची. त्यांच्याकडे अंडंही येत नव्हतं. पल्लवी आणि निखिलला मी सांगितलं, ते लगेच तयार झाले. भीती नानांची होती. मी रात्रभर भाषण जुळवलं होतं. विज्ञान, धर्म, आपद्धर्म, सगळं. सकाळी त्यांना बाजूला घेतलं आणि सुरुवात केली, “नाना, काही वेळा परिस्थिती अशी येते की…”

“कोंबडी द्यायची आहे ना? निखिलने सांगितलं,” नाना म्हणाले. “किती ग्रॅम आणू?”

माझं भाषण तोंडातच राहिलं. निखिलची ड्यूटी होती, म्हणून नाना स्वतः गेले. आयुष्यात पहिल्यांदा. परत आले ते घामाघूम, पण चेहरा असा की शाळेत बक्षीस मिळालंय. मला सगळं सांगितल्याशिवाय त्यांना राहवेना.

“दुकानापुढून दोनदा पुढे गेलो, मॅडम. तिसऱ्यांदा थांबलो. दुकानदार म्हणाला, बाबूजी, बिर्याणी के लिए? मी म्हणालो, नाही, नातीसाठी. तो म्हणाला, कितने साल की है? मी म्हणालो, एक महीने की. तो सुरी हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला.”

“मग?”

“मग सगळं सांगितलं. त्याने हात धुतले, सुरी धुतली, ओटा धुतला. छातीचा तुकडा काढला, चरबीचा एक कण ठेवला नाही. म्हणाला, रोज सकाळी सर्वांत आधी तुमचं कापीन, बाकी गिऱ्हाईक नंतर. आणि मॅडम, त्याने मला स्टूल दिलं बसायला.”

आम्ही वानखेडे नागपूरकडचे. माझे आजोबा सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले आणि येताना काळ्या मसाल्याचा डबा घेऊन आले, असं घरी सांगतात. त्या घराण्यात जन्मून मी बिनतिखटाची, बिनमसाल्याची कोंबडी शिजवत होते. पहिलं मिश्रण दाट झालं, बोंडल्याच्या चोचीत अडकलं. दुसरं पातळ झालं. तिसरं मलमलीतून दोनदा गाळलं. ते पाहून सिस्टर ग्रेसी म्हणाली, “आता जाईल.”

आणि गेलं. सईने पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं. दुसऱ्या घोटाला विचार केला. तिसऱ्याला मान पुढे केली. आधी थोडं दिलं, मग दर दिवशी जरा वाढवत नेलं. पाचव्या दिवशी काटा साठ ग्रॅम पुढे गेला. काट्यावरचा आकडा पल्लवीने मोठ्याने वाचला, मग नानांनी वाचला, मग निखिलने फोनवर त्याच्या कारखान्यातल्या माणसांना वाचून दाखवला.

त्याच दुपारी पल्लवी माझ्याकडे आली. ती अजून दर तीन तासांनी दूध काढत होती आणि बेसिनमध्ये ओतत होती. ते कधीतरी लागेल, या आशेवर तिने दूध आटू दिलं नव्हतं.

“ताई, खरं सांगा. हे तिला कधीच चालणार नाही ना?”

“नाही चालणार,” मी म्हणाले. आता मला उत्तर माहीत होतं. “दुधात काही दोष नाही, पल्लवी. तुझं दूध उत्तम आहे. त्यातली साखर आत घेणारं एक प्रथिन तिच्याकडे नाही, आणि ते तुझ्या खाण्यापिण्याने झालेलं नाही.”

मग मी तिला आमच्या मिल्क बँकेत नेलं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांसाठी तिथे आयांनी दिलेलं दूध तपासून साठवतात. काचेपलीकडे ओंजळीत मावतील एवढी बाळं होती. पल्लवीने बराच वेळ बघितलं.

“यांना चालेल?”

“यांना हवंच आहे.”

तिच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. त्यानंतर जितके दिवस ती वॉर्डात होती तितके दिवस तिचं दूध त्या खोलीत गेलं. तिथल्या जुळ्यांची आई तिला येऊन भेटली. दोघी खूप रडल्या आणि मग चहाला गेल्या.

परदेशी पावडर मागवल्यापासून पंचविसाव्या दिवशी आली. जेनेटिक रिपोर्ट त्यानंतर आला. आमचा अंदाज बरोबर होता. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे त्या प्रथिनाच्या जीनचे दोन बिघडलेले नमुने सईला मिळाले होते. त्या दोघांकडे प्रत्येकी एक चांगला असल्याने त्यांना कधी काही झालं नव्हतं. घरी जाताना सई तीन किलो शंभर ग्रॅमची होती. डिस्चार्जच्या कागदावर मी लाल शाईत लिहिलं: या बाळाला ओआरएस देऊ नये, तोंडाने ग्लुकोज देऊ नये. त्याच दिवशी दुपारी ओपीडीत दुसऱ्या तीन बाळांना मी ओआरएसच दिलं, आणि तिन्ही संध्याकाळपर्यंत खेळायला लागली. ते प्रथिन ज्यांच्याकडे आहे, म्हणजे जवळजवळ सगळ्यांकडेच, त्यांच्यासाठी ओआरएससारखं दुसरं काही नाही.

सई आता दोन वर्षांची आहे. अंडी खाते, मासे खाते, साजूक तूप चाटते, फ्रुक्टोज घातलेलं आमलेट तिला फार आवडतं. ते मी चाखून बघितलंय, तुम्ही बघू नका. भात-पोळी अगदी थोडी, घासाघासाने वाढवत चाललो आहोत. वय वाढतं तसं थोडंफार ग्लुकोज पोटाला सोसू लागतं. नाना स्वतः अजून पक्के शाकाहारी आहेत, पण अंडं किती मिनिटं उकडलं की आतला पिवळा बलक कसा राहतो यावर ते कुणाशीही वाद घालू शकतात. परवा तपासणीला आले तेव्हा सई डॉक्टर चतुर्वेदींच्या टेबलावर चढली आणि त्यांचा शिक्का त्यांच्याच शर्टावर मारला. त्यांनी दिवसभर तो शर्ट बदलला नाही.

आमच्या वॉर्डाच्या फीड चार्टवर मी तेव्हापासून एक रकाना वाढवला आहे: ‘यात साखर कोणती?’ ट्रेनी मुली वैतागतात. “मॅडम, साखर म्हणजे साखर,” म्हणतात. मी त्यांना वाद घालू देते. मग रकाना भरायला लावते.